केसभर शिट्टी

हातातलं बटण त्याने पुन्हा दाबलं.

काचेच्या त्या लहानशा खोलीत तो एकटाच बसला होता. भिंतींना भोकाभोकांचा जाड स्पंज, कानांवर जड हेडफोन आणि हातात वायरला लटकलेलं हे बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं, एवढंच काम. सुरुवातीचे आवाज सोपे होते, जाड आणि घुमणारे. मग ते चढत गेले, बारीक होत गेले, आणि एका जागेनंतर नुसती शांतता पसरली. त्या शांततेतही तो बटण दाबत राहिला. सगळा जन्म त्याने तालात काढला होता. काचेपलीकडच्या बाई आवाज कशा सोडतात ती लय त्याने बसल्या बसल्याच पकडली होती: दोन जवळजवळ, मग श्वासभर थांबून एक. दोन, थांब, एक. त्या अंदाजाने तो दाबत गेला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

बाईंनी दार उघडलं, त्याच्या कानांवरचे हेडफोन काढले आणि समोरच्या स्टुलावर बसल्या.

"शेवटी शेवटी तुम्ही एकही चुकवला नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाही ना?"

"अगदी वेळेवर दाबत होतात. फक्त तेव्हा मी आवाज सोडतच नव्हते."

चोरी पकडली गेलेला माणूस हसतो तसा तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, काम काय करता. संगीत देतो, तो म्हणाला, टीव्हीवरच्या मालिकांना. कुठल्या मालिका असं त्यांनी विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं, कारण नाव सांगून कुणाला काही कळत नसे, हे मात्र सगळ्यांना कळे:

"कुणी तरी जिन्यावरून खाली येतं, सगळे वळून बघतात, आणि एकदम ढ्यांग होतं. तो ढ्यांग माझा."

"तो तुमचा?" बाईंचा चेहरा क्षणभर मऊ झाला. "माझी आई रोज दचकायची त्याला. रोज. माहीत असूनसुद्धा."

मग त्यांनी आवाज खाली न आणता, उलट थोडा चढवूनच, सांगितलं. वरचे सूर गेलेत. दोन्ही कानांचे. तरुणपणी स्पीकरजवळ फार उभे राहिलात का? राहिलात, बरं. गेलेले परत येत नाहीत. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं स्वच्छ ऐकू येईल.

"आणि संगीत?"

"संगीत वेगळं ऐकू येईल," बाई म्हणाल्या. त्या जपून बोलत होत्या हे त्याला कळलं. "पक्ष्यांचे आवाज शेवटचे कधी ऐकलेत, आठवतं?"

गेली कित्येक वर्षं तो भेटेल त्याला तावातावाने सांगत आला होता की झाडं तोडून तोडून या शहरात पक्षीच उरलेले नाहीत.

तो इथे आला होता तो एका केटलीमुळे. पाणी उकळलं की शिट्टी वाजवणारी ती केटली त्याने गॅसवर ठेवली आणि शेजारच्या खोलीत काम करत बसला. शेजाऱ्यांनी दार बडवलं तेव्हा पाणी आटून केटलीचं बूड काळं पडलं होतं. शेजारी म्हणाले, केव्हाची बोंबलतेय, तुम्ही घरात नाही असं वाटलं. शिट्टी खराब झाली असेल, असं तो त्यांना म्हणाला होता.

लोक त्याला सर म्हणत. पण ते टीव्हीवाले लोक. त्याआधी, बँडच्या दिवसांत, सगळे त्याला बटण्या म्हणायचे. चौघांच्या त्या बँडमध्ये बाकीच्यांचे हात तारांवर नाही तर ढोलांवर चालायचे. हा मात्र लाकडी बाजूंच्या त्या सिंथेसायझरसमोर वाकून सारखी बटणं पिळत असायचा. नाव त्याच्या ताईने ठेवलं होतं. साठीला टेकलेल्या माणसाला शोभणारं नाव नाही, पण मनातल्या मनात तो स्वतःला अजूनही त्याच नावाने हाका मारी. आत्ताही दवाखान्याचा जिना उतरताना तो स्वतःला म्हणाला, बटण्या, कुणाला काही बोलायचं नाही.

बोलून चालणारच नव्हतं. दोन वर्षं रिकामी गेल्यावर मिळालेलं हे काम होतं. मालिकांना आता तयार संगीत मिळत होतं, हवं तेवढं उचलावं आणि चिकटवावं. ढ्यांगसुद्धा शेकड्याने मिळत होते. अशात एका तरुण दिग्दर्शिकेने त्याला फोन केला होता, का तर तिला जुन्या यंत्राचा खरा आवाज हवा होता. शीर्षकसंगीत त्याने करून पाठवलं होतं आणि आज तिने बोलावलं होतं. हे गेलं की सगळंच गेलं. दुसरं त्याला काही येत नव्हतं. बायको कधीच निघून गेली होती, तीही भांडून नाही. समोर बसलेल्या माणसापेक्षा आतल्या खोलीतला आवाज ज्याला जास्त ऐकू येतो त्याच्याशी भांडायचं तरी काय, असं म्हणून ती गेली होती.

संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत दिग्दर्शिका आणि संकलक दोघंच होते. पडद्यावर मालिकेची सुरुवात लागली. हरवलेल्या मुलाची आई घरभर फिरते, दिवे लावते, मग दाराशी येऊन उभी राहते. खाली त्याचं संगीत वाजत होतं. त्याला ते ऐकू आलं तसं आलं: खालचे सूर दमदार, मधले बरे, वर मात्र सगळं घोंगडीखाली झाकल्यासारखं.

"सर, ती शिट्टी," दिग्दर्शिका म्हणाली.

कुठली, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"ती बारीक, अगदी वरची. मला आधी वाटलं माझ्याच कानात वाजतंय."

"मी तर मशीन बंद करून बघितलं," संकलक म्हणाला. "म्हटलं काही तरी बिघडलं. मग लक्षात आलं, तुमच्याच ट्रॅकमध्ये आहे."

आता काय बोलायचं याची तो जुळवाजुळव करू लागला: जुनं यंत्र, विजेचा दाब, परत करून देतो. पण दिग्दर्शिका खुर्ची वळवून त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"मी कालपासून ऐकतेय. ती बाई दाराशी उभी राहते ना, तिला काय होत असेल ते मला सहा महिने लिहून सांगता आलं नाही. ते हेच आहे. काही तरी सारखं चालू आहे आणि दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही. सर, हे सुचलं कसं तुम्हाला?"

बटण्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"सुचतं," तो म्हणाला. "वय झालं की सुचतं."

"फक्त केसभर वाढवा. आणि ती दार उघडते तिथे एकदम तोडा. केसभरच हं, सर. त्याहून जास्त झाली तर लोक चॅनल बदलतील, आणि आत्ता आहे एवढीच ठेवली तर निम्म्यांना जाणवणारच नाही."

"मी इथूनच वाढवली असती," संकलक म्हणाला, "पण मग झांजा, श्वास, सगळंच वर येतं. तुमच्याकडूनच यायला हवी. उद्या सकाळी दिलीत तरी चालेल."

उद्या सकाळी, तो म्हणाला. दोघांशी हात मिळवला. बाहेरच्या बोळात आल्यावर त्याने भिंतीला पाठ लावली. आयुष्यात कुणी त्याच्या संगीतावर इतकं मनापासून बोललं नव्हतं, आणि ज्याबद्दल बोललं ते त्याने ऐकलंच नव्हतं.

घरी येऊन तो यंत्रासमोर बसला आणि चूक त्याला सापडली. त्या यंत्रावर एक बटण होतं, पुढे नेलं की सुराला धार यायची. पण एका मर्यादेपलीकडे नेलं तर यंत्र स्वतःच शिट्टी घालायला लागे, पट्टी दाबलेली असो वा नसो. हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. हल्ली मात्र सगळे सूर बोथट वाटायचे, म्हणून तो धार यावी यासाठी ते बटण थोडं थोडं पुढे ढकलत गेला होता. आज पाहिलं तर ते जवळजवळ टोकाला जाऊन बसलं होतं.

संगणकावर शिट्टी दिसत होती. सगळ्या सुरांच्या वर एक रेघ, एकटी, सरळ. ती उंच करता येत होती, बुटकी करता येत होती. पण केसभर म्हणजे किती, हे रेघेकडे बघून कसं कळणार? भाजीत मीठ किती पडलं ते वजन करून कळतं. बरोबर पडलं का, ते जिभेवर ठेवल्याशिवाय कळत नाही. त्याने डोळे मिटून बटण पुढे नेलं, मागे आणलं, कान स्पीकरला टेकवला. काही नाही. त्याने आणखी जोर लावून ऐकलं, जणू जोर लावल्याने काही होणार होतं. मग टेबलावर कपाळ टेकलं आणि तसाच बसून राहिला. त्याला रडायला आलं असतं तर बरं वाटलं असतं.

विचारायचं कुणाला? धंद्यातल्या कुणाला विचारावं तर दुसऱ्या दिवशी बोभाटा. शेजाऱ्यांना विचारावं तर ते केटलीवाले. आणि नुसती ऐकू येते का एवढंच सांगून भागणार नव्हतं, किती ते सांगणारा कान हवा होता. असा एकच कान त्याच्या माहितीत होता. केसभर हा शब्दही मुळात त्या कानवाल्याचाच. बँडमध्ये असताना तो गाणं मध्येच थांबवायचा आणि म्हणायचा, कुणाची तरी तार केसभर उतरलीय. आणि उतरलेली असायची.

त्याने यंत्राची वायर गुंडाळली, संगणक आणि छोटा स्पीकर पिशवीत टाकला.

त्या कानवाल्याचं भोंगा हे नावही ताईनेच ठेवलेलं. चौघं पोरं ताईच्याच खोलीत तालीम करायची, तिच्या पुस्तकांवर वायरी टाकून, आणि ती शेजारच्या खोलीत परीक्षेचा अभ्यास करायची. बटण्याच्या यंत्राने शिट्टी घातली की ती दोन्ही कानांवर हात ठेवून दारात उभी राहायची. तेवढं बंद करा, बाकी काय तो गोंधळ घाला. गाणाऱ्याला ती भोंगा म्हणाली कारण तो मीठ मागायचा तेही गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. पुढे त्याच भोंग्याशी तिने लग्न केलं.

मधल्या काळात टीव्हीवाले बँड ऐकायला आले होते, आणि सगळा बँड ऐकून जाताना एकट्या बटण्याला घेऊन गेले. सहा महिन्यांत येतो, असं तो सांगून गेला. त्या सहा महिन्यांत भोंग्याने दुसरा कीबोर्डवाला बघितला नाही. बटण्या परतला नाही, आणि बँड मोडला. पुढे पाहुण्यारावळ्यांत दोघं भेटत, हवापाण्याचं बोलत आणि आपापल्या ताटात बघत. भोंगा काही वर्षं जाहिरातींत गायला, मग तेही सुटलं. आता तो आणि ताई सोफे मढवायचं दुकान चालवत होते.

दुकानात भिंतीभर कापडाचे तागे उभे होते आणि मधोमध एक उघडा सोफा, आतड्यांसारख्या स्प्रिंगा बाहेर काढून पडलेला. भोंगा पाठमोरा बसून चौकटीत पिना ठोकत होता. बटण्याने दारातून हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग यंत्र खाली ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला तेव्हा भोंग्याने मान वर केली आणि त्याच्या हातातलं ठोकायचं यंत्र तसंच राहिलं.

"अरे," तो गरजला. आवाज होता तसाच होता. "तू?"

"ताई कुठाय?"

"बस, बस. हे आणलंस होय? अजून चालतं?"

आतल्या खोलीत शिवणयंत्राची घरघर चालू होती, म्हणजे ताई आत होती. पडद्याआडून तिने काही तरी विचारलं. भोंग्याने लक्ष दिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोण लक्ष देतं, बटण्याला वाटलं. त्याने एका आडव्या ताग्यावर बूड टेकलं आणि मग एकदाचं सांगून टाकलं. रस्त्यात त्याने बरीच प्रस्तावना तयार केली होती, ती सगळी विसरला.

"माझे कान गेलेत, भोंग्या."

भोंगा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. खूप वेळ बघत राहिला.

"पार?"

"वरचे. उद्या सकाळी काम द्यायचंय आणि जे वाढवायचंय तेच मला ऐकू येत नाही. ती आपली जुनी शिट्टी. ती केसभर हवी. मी बटण फिरवतो, तू ऐक. आली की बोट वर कर. जागेवर आली की सांग." त्याने यंत्र पुढे ओढलं. "दुसऱ्या कुणाकडे जाऊ सांग. हे गेलं तर मी संपलो. खरंच संपलो. तुझ्याकडे यायला तोंड नाही मला, पण तुझ्यासारखा कान नाही कुणाचा."

भोंगा उठला. मागच्या नळावर जाऊन त्याने हात धुतले, तोंड धुतलं. खुंटीवरचा शर्ट काढून गंजीवर चढवला, बटणं गळ्यापर्यंत लावली आणि केसांवरून ओला हात फिरवला. स्टेजवर चढण्याआधी तो हे असंच करायचा. मग खुर्ची ओढून तो बटण्यासमोर बसला, यंत्र आणि स्पीकर मध्ये ठेवून, अगदी जवळ.

"चल," तो म्हणाला. "सोड."

बटण्याने संगीत लावलं आणि यंत्राचं बटण अगदी खालून हळूहळू वर नेऊ लागला. भोंग्याचं बोट वर आलं. त्याने मागे नेलं, बोट खाली गेलं. पुन्हा पुढे, पुन्हा बोट. बटण्याच्या छातीतला दगड हलला. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर बसले होते आणि काम करत होते, आणि काम करताना त्यांच्यात कधीच भांडण नव्हतं.

"आहे ना?"

"आहे की. बारीक. गोड आहे."

गोड हा शब्द बटण्याला खटकला. त्या शिट्टीला आजवर कुणी गोड म्हटलं नव्हतं. त्याने भोंग्याकडे नीट पाहिलं. भोंग्याचे डोळे स्पीकरकडे नव्हते, मिटलेलेही नव्हते. ते बटण्याच्या बोटांवर होते. बोटं वळली की ते चमकत, आणि मग बोट वर येई.

सकाळची काचेची खोली बटण्याला आठवली. त्याने डावा हात यंत्रावर आडवा धरला, जेणेकरून उजवा दिसू नये. बटण पार खाली आणलं, शून्यावर. संगीतही बंद केलं. आणि वाट पाहिली. आत्तापर्यंत ज्या लयीत वाढवत आला होता त्याच लयीत वाट पाहिली. दोन, थांब, एक.

भोंग्याचं बोट वर आलं.

"केसभर जास्त झाली," तो गंभीरपणे म्हणाला. "थोडी उतरव."

बटण्याला राग आला नाही. राग यायला पायाखाली काही तरी टणक लागतं, ते उरलं नव्हतं. भोंग्याच्या गळ्याशी लावलेलं शर्टाचं बटण तो बघत राहिला. भोंगा पहिल्यापासून गरजूनच बोलायचा, त्यामुळे तो का गरजतो असा प्रश्न कुणालाच कधी पडला नव्हता. एकाच स्पीकरच्या भिंतीसमोर दोघं उभे राहिले होते, एक डावीकडे, एक उजवीकडे.

त्याच्या बोटांनी बटण उलटं फिरवायला सुरुवात केली. वर, आणखी वर. का, ते त्याला सांगता आलं नसतं. ते टोकाला जाऊन अडलं तेव्हाच तो थांबला. मग त्याने हात मांडीवर ठेवले.

दुकानात शांतता होती. कापडाचे तागे उभे होते. उन्हाचा एक पट्टा सोफ्याच्या स्प्रिंगांवर पडला होता. भोंगा त्याच्याकडे बघत होता आणि तो भोंग्याकडे, आणि हळूहळू भोंग्याच्या चेहऱ्यावरचा तो गवयाचा रुबाब उतरत गेला. आपण पकडले गेलो हे त्याला कळलं होतं. त्याने नजर खाली घातली. उद्या सकाळी फोन करून काय सांगायचं, बटण्या विचार करत होता. प्रकृती बरी नाही. यंत्र बिघडलं. काहीही. इतकं शांत त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, सगळं हातचं गेल्यावर वाटतं तसं.

आतल्या शिवणयंत्राची घरघर थांबली. पडदा सरकला आणि ताई दारात येऊन उभी राहिली. केस पांढरे, चष्मा कपाळावर, गळ्यात मोजपट्टी, आणि दोन्ही हात दोन्ही कानांवर घट्ट दाबलेले.

"बंद करा ते," ती ओरडली. ओरडली म्हणून तेवढं त्याला ऐकू आलं. "केव्हाची बोंबलतेय ती शिट्टी. डोकं फुटायची वेळ आली. बहिरे झालात का दोघं?"

भोंगा तिच्याकडे पाठ करून बसला होता. ती आली आहे हेही त्याला कळलं नव्हतं. बटण्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वयाने केवढा झाला तरी ताईसमोर त्याला खोटं बोलता येत नसे.

ती तशीच उभी राहिली. नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, त्याने चढवलेल्या धुतलेल्या शर्टाकडे पाहिलं. भावाच्या मांडीवरच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि मध्ये ठेवलेल्या त्या यंत्राकडे. मग तिचे हात कानांवरून सावकाश खाली आले.

"थांबली का?" बटण्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "वाजतेय."

तिने पुढे येऊन भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला. स्टुलावरचा फोमचा तुकडा खाली टाकून ती बसली, त्या दोघांच्या मध्ये, स्पीकरसमोर. तिचे डोळे त्या आवाजाने बारीक झाले होते आणि त्यांत पाणी आलं होतं. आवाजाने आलं असेल, दुसऱ्या कशाने आलं असेल.

"काय करायचंय हिचं?"

त्याने सांगितलं. दाराशी उभी असलेली आई, उद्याची सकाळ, सगळं. केसभर हवी, तो म्हणाला. कमी नको, जास्त नको.

"मग फिरव. मी सांगते."

"तुला कधी आवडली नाही ही."

"अजूनही नाही आवडत," ताई म्हणाली. "म्हणून तर कळेल ना मला, कुठवर सोसवते ते."

त्याने संगीत पुन्हा लावलं आणि बटण खाली आणायला सुरुवात केली. रेघेकडे पाहिलं नाही, बटणाकडेही पाहिलं नाही. तिच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे आठ्यांचं जाळं पडलं होतं. तो हळू खाली येत गेला आणि आठ्या एकेक करून सुटत गेल्या. भोंग्यानेही आपली खुर्ची वळवली आणि तोही तिच्याच चेहऱ्याकडे बघू लागला. गाणं बसवताना तो असा बघायचा. दोन बाप्ये एका बाईच्या कपाळाकडे टक लावून बसले होते. कुणी गिऱ्हाईक दारात आलं असतं तर परत गेलं असतं.

शेवटची एक आठी राहिली. दोन भुवयांच्या मध्ये, बारीक. ती हलेना. ताईचं बोट वर आलं.

"इथे," ती म्हणाली. "याच्या खाली नेऊ नकोस. याच्या खाली गेली तर आहे की नाही तेच कळायचं नाही, आणि मग माणूस रात्रभर शोधत बसेल."

बटण्याने हात काढून घेतला. जपून काढला, धक्का लागू नये म्हणून. संगीत पुढे चालू होतं. ताई ऐकत होती, मान किंचित तिरकी करून, दाराबाहेर कुणाचं पाऊल वाजलं का बघावं तशी.

"काय म्हणते?" भोंग्याने विचारलं. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं.

बटण्याने आपलं तोंड त्याच्याकडे वळवलं, उन्हाच्या पट्ट्यात आणलं, ओठ नीट दिसतील असं, आणि सावकाश सांगितलं:

"केसभर."